चर्चापानावर बोला, मग पुसा

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला तरी आपल्या बडोद्याच्या मराठी संस्था, वाडे, माणसं यांची पानं अजून अर्धवट पडलीयेत, तर ज्यांच्या घरात जुनी पुस्तकं आहेत त्यांनी हात लावा. त्यावर पत्रं आली, मेल आले, व्हॉट्सॅपवर फोटो काढून पाठवलेले हस्तलिखित प्रश्न पण आले. मला वाटलं होतं लोक मराठी टायपिंग कसं करायचं ते विचारतील. पण जवळजवळ सगळ्यांनी विचारलंय ते दुसऱ्या माणसांबद्दल, म्हणजे माझं लिहिलेलं कुणीतरी काढलं, कुणीतरी बदललं, कुणीतरी काहीतरी बोललं, आता मी काय करू. म्हणून यावेळी सगळी जागा त्यालाच देतेय.

प्रश्न : ताई, मी रिटायर्ड शिक्षक, रावपुऱ्यात राहतो. तुमचं वाचून कलाभवनाच्या पानावर चार परिच्छेद लिहिले. एका बोटाने टाइप करतो, पंधरा दिवस लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर तीन परिच्छेद गायब, आणि कारण म्हणून फक्त "संदर्भ नाही" एवढे दोन शब्द. माझे कष्ट गेले का? आणि या माणसाला विचारायचं तरी कुठे?

सर, आधी हे सांगते की काहीही गेलेलं नाहीये. पानाच्या वर "इतिहास पहा" असं लिहिलेलं असतं तिथे दाबा, त्या पानावर पहिल्या दिवसापासून कुणी कधी काय बदललं ते तारीख-वेळेसकट सगळं दिसतं. तुमच्या नावासमोरची आवृत्ती उघडा, मजकूर उचला आणि तुमच्या धूळपाटीत नेऊन ठेवा. धूळपाटी म्हणजे तुमच्या खात्याची सरावाची जागा, तिथे सहसा कुणी हात लावत नाही. हे आज रात्रीच करा म्हणजे झोप लागेल.

आता मुद्द्याचं. मी तुमची आवृत्ती वाचली. कलाभवन १८९० चं, त्रिभुवनदास कल्याणदास गज्जरांनी उभं केलं, दादासाहेब फाळके तिथे शिकले, सगळं बरोबर आहे. पण एकाही वाक्याला पुस्तकाचं नाव जोडलेलं नाही. आणि मध्ये एक वाक्य आहे, "कलाभवनासारखी संस्था साऱ्या देशात दुसरी नव्हती". सर, तुमच्या माझ्यासारख्या बडोदेकराला ते वाचून छाती भरून येते, पण नागपूरचा किंवा कोल्हापूरचा वाचक विचारणार, असं कोण म्हणतं? ज्याने मजकूर काढला त्याला तुम्ही चाळीस वर्षं शिकवलंय हे माहीत नाही, त्याला फक्त स्क्रीनवरची अक्षरं दिसतात, आणि त्या अक्षरांच्या पाठीशी काही उभं नव्हतं.

तरीपण त्याचं वागणं मला पटलेलं नाही. चूक उघड असेल, बदनामी असेल, तर लगेच काढावं. पण इथे मजकूर खरा वाटण्यासारखा होता, मग वाक्यापुढे "संदर्भ हवा" हा साचा, म्हणजे तयार खूण, लावता आला असता आणि तुमच्या चर्चापानावर (प्रत्येक सदस्याचं असं निरोपाचं पान असतं) दोन ओळी लिहिता आल्या असत्या. दोन शब्दांत पंधरा दिवसांचं काम पुसायचं नसतं.

आणि हे चर्चापान म्हणजे काय ते जरा नीट सांगते, कारण सगळ्या प्रश्नांची किल्ली तिथेच आहे. केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले तेव्हा शेवटचा शब्द केतकरांचा होता, मराठी विश्वकोशाला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी होते. विकिपीडियावर ती खुर्चीच नाहीये. प्रचालक असतात, पण ते पान सुरक्षित करणं, नासधूस थांबवणं असली कामं करतात, तुमचं वाक्य बरोबर की चूक याचा निकाल देत नाहीत. मग तो निकाल लागतो कुठे, तर प्रत्येक लेखाला पाठीमागे जोडलेल्या चर्चापानावर, तिथे लेख लिहिणारे एकमेकांशी बोलतात आणि ते बोललेलं पण कायम राहतं, पाच वर्षांनी येणारा माणूससुद्धा वाचू शकतो की हे वाक्य असं का ठरलं. जे चर्चापान वापरत नाहीत ते मुळात संपादक नसलेल्या कोशात एकटेच संपादक होऊन बसतात, मग ते पुसणारे असोत की लिहिणारे.

तर सर, कलाभवनाच्या चर्चापानावर असं लिहा : "नमस्कार. आपण काल काढलेले तीन परिच्छेद मी लिहिले होते. संदर्भ द्यायचे राहिले हे मान्य. पहिल्या परिच्छेदाला अमुक पुस्तक, पान अमुक, आणि फाळक्यांच्या वाक्याला त्यांचं अमुक चरित्र जोडतोय. 'साऱ्या देशात दुसरी नव्हती' हे वाक्य मी स्वतःच वगळतोय. अजून काही अडचण वाटल्यास सांगा." खाली चार टिल्ड (~~~~) टाकले की आपोआप तुमची सही आणि वेळ उमटते. मग तीन-चार दिवस थांबा. उत्तर आलं तर उत्तम, नाही आलं तर एकेक परिच्छेद संदर्भासकट परत घाला, एकदम तिन्ही नको. पुस्तकांसाठी मध्यवर्ती ग्रंथालयात जा, १९१० साली सयाजीरावांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावून राज्यभर वाचनालयांचं जाळं सुरू केलं, त्याचं फळ आपल्या हाताशी आहे आणि आपण संदर्भ नाही म्हणून रडायचं हे मला बघवत नाही.

माझंही असंच झालं होतं म्हणून इतकं लिहितेय. माझं पहिलं वाक्य कमाटीबागेवर होतं, "ही बडोद्यातली सर्वात रमणीय बाग आहे". अर्ध्या तासात ते गेलं. पण ज्यांनी काढलं त्यांनी माझ्या पानावर लिहिलं होतं, "रमणीय हे वाचकाला ठरवू द्या. बाग कधी झाली, कुणी केली, आत काय आहे हे तुम्हाला माहीत असणार, ते लिहाल का?" मी ते तीन वेळा वाचलं. मग बाग १८७९ ची, म्युझियमची इमारत १८९४ ची, आत इजिप्तची ममी आहे, देवमाशाचा सांगाडा आहे, हे सगळं शोधून संदर्भासकट लिहिलं आणि त्यातलं बहुतेक आजही तसंच आहे. ते "लिहाल का" नसतं तर मी परत फिरकले नसते.

प्रश्न : शहराचं नाव बडोदा की वडोदरा? मी "बडोदा" करतो, दुसरा एक सदस्य "वडोदरा" करतो, गेला आठवडाभर हेच चाललंय. त्याला कसं थांबवायचं? (दांडिया बाजार)

दादा, आधी तुम्ही थांबा. तुमचं म्हणणं बरोबर असलं तरी थांबा. याला संपादन-युद्ध म्हणतात आणि त्यात दोघंही हरतात. इंग्रजी विकिपीडियावर तर नियमच आहे की एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं उलटवलं तर खातं काही काळ बंद होऊ शकतं, तिथे तुमची बाजू खरी होती का ते बघतच नाहीत.

आणि नावाचं म्हणाल तर दोन्ही बाजूंना आधार आहे. अधिकृत नाव १९७४ पासून वडोदरा. मराठीत आपण पिढ्यान्पिढ्या बडोदा म्हणतो, १९०९, १९२१, १९३४ ची साहित्य संमेलनं मराठी पुस्तकांत बडोद्याचीच आहेत, आणि २०१८ चं ९१वं सुद्धा लोक बडोद्याचं संमेलन म्हणूनच ओळखतात. आणखी मागे गेलात तर इ.स. ८१२ च्या ताम्रपटात वटपद्रक आहे. हे सगळं लेखात आलं पाहिजे, "नाव" असा वेगळा विभाग करून. शीर्षक एकच ठेवता येतं पण दुसऱ्या नावाचं पुनर्निर्देशन करता येतं, म्हणजे कुणी काहीही शोधलं तरी त्याच पानावर पोचतो, आणि पहिल्या ओळीत दोन्ही नावं ठळक देता येतात. शीर्षक कोणतं हा वाद चर्चापानावर मांडा, तिथे सुटला नाही तर चावडीवर न्या. चावडी म्हणजे सगळ्या सदस्यांची बोलायची जागा, नाव पण किती छान मराठी ठेवलंय. तिथे नुसती मतं मोजत नाहीत, मराठी ग्रंथांत काय वापरलंय ते बघतात. पंचवीस मित्रांना खाती उघडायला लावून "बडोदा, बडोदा" लिहायला सांगू नका, ते लगेच ओळखू येतं आणि तुमची खरी बाजू पण पडते.

प्रश्न : माझे पणजोबा गायकवाडांच्या राज्यात मोठ्या हुद्द्यावर होते. आमच्याकडे त्यांची पत्रं, फोटो, सगळं आहे. मी पान केलं, ते हटवलं. घरच्या माणसापेक्षा जास्त कुणाला माहीत असणार?

ताई, राग येणं अगदी साहजिक आहे. पण घरच्या माणसाला माहीत असणं आणि कोशात लिहिता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी कुठेतरी छापून आलेलं, दुसऱ्याला पडताळता येणारं, तेवढंच तिथे चालतं. घरातली पत्रं कितीही खरी असली तरी वाचकाला ती बघता येत नाहीत. शिवाय आपल्या माणसाबद्दल लिहिताना आपला हात जड पडतो, माझाही पडेल.

पण म्हणून ट्रंक बंद करू नका! संस्थानाचे वार्षिक अहवाल असतात, दामोदर सावळाराम यंदे यांच्या सयाजीविजयच्या जुन्या फाइली असतात, त्या काळातल्या माणसांची चरित्रं असतात, त्यात पणजोबांचा उल्लेख शोधा. दोन-तीन ठिकाणी नीट, स्वतंत्र लिहिलेलं सापडलं तर चर्चापानावर "मी त्यांची पणती आहे" असं सरळ सांगून ते संदर्भ ठेवा आणि दुसऱ्या कुणालातरी लिहू द्या. सांगितल्याने विश्वास वाढतो, कमी होत नाही. नाहीच सापडलं तर पत्रांवरून तुम्ही एखाद्या नियतकालिकात लेख लिहा, अशा लेखांतून पुढचे संशोधक माहिती उचलतात. आणि फोटो घाईने चढवू नका, फोटोचा हक्क काढणाऱ्याकडे किंवा पैसे देऊन काढून घेणाऱ्याकडे असू शकतो, ज्याचा फोटो आहे त्याच्याकडेच असेल असं नाही. पाठीमागे स्टुडिओचा शिक्का आहे का बघा.

प्रश्न : कॉलेजात सर म्हणतात विकिपीडिया वापरू नका. मग लिहायचं कशाला?

सर म्हणतात ते प्रोजेक्टमध्ये "संदर्भ : विकिपीडिया" असं लिहिण्याबद्दल, आणि ते बरोबर आहे, कोणताही कोश हा सुरुवातीचा उंबरठा असतो. लेखाच्या तळाशी पुस्तकांची नावं असतात, तिथून पुढे जा. आणि लिहायचं यासाठी की ती नावं तळाशी कुणीतरी ठेवलेली असतात.

प्रश्न : माझ्या चर्चापानावर एकाने लिहिलं, "तू आधी नियम वाच, मग लिही". मी ६१ वर्षांची आहे. इतक्या वर्षांत मला परक्याने अरे-तुरे केलेलं नाही. मी लिहिणं सोडून दिलंय.

काकू, हे वाचून मला फार वाईट वाटलं. तुम्ही उखाणे आणि हळदीकुंकवाच्या गाण्यांवर जे लिहिलं होतं ते मी बघितलंय, चांगलं होतं.

इंग्रजीत यू म्हटलं की भागतं, आपल्याकडे तू, तुम्ही, आपण यातलं एक निवडल्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही. आणि स्क्रीनवर वय दिसत नाही, पांढरे केस दिसत नाहीत. त्यात आपण गुजरातीत दिवसभर बोलणारी माणसं, शेजारच्या बेनशी पहिल्या भेटीत "तमे" म्हणतो, मग मराठीत अनोळखी माणसाला "तू" का? म्हणून माझा स्वतःपुरता नियम आहे की खात्याचं नाव कितीही पोरकट दिसलं तरी "तुम्ही" म्हणूनच सुरुवात करायची. समोर शाळकरी मुलगा निघाला तरी त्याचं काही बिघडत नाही, उलट तो ताठ बसून लिहितो.

विकिपीडियावर एक जुनं तत्त्व आहे, समोरच्याचा हेतू चांगलाच आहे असं धरून चाला, आणि दुसरं, नवख्यांवर धावून जाऊ नका. ही नुसती भिंतीवरची सुभाषितं नाहीत, कुणी मोडली तर तुम्ही त्या वाक्याकडे बोट दाखवू शकता. काकू, तुम्ही एवढंच लिहा, "नियम कोणता मोडला ते सांगाल तर दुरुस्त करीन. आणि कृपया तुम्ही म्हणा." बहुतेक वेळा माणूस वरमतो. नाही वरमला आणि परत तसंच बोलला तर चावडीवर सांगा, लपवू नका. आणि पानाचं म्हणाल तर माझी तुम्हाला विनंती आहे, गाणी कुठल्या पुस्तकातून घेतली ते फक्त जोडा. बाकी मी सोबत बसते.

प्रश्न : आमच्या ओळखीचा एक मुलगा इंग्रजी लेख मशीनने मराठीत करून रोज पाच-सहा पानं टाकतो. मराठी वाचवत नाही. त्याचा उत्साह मोडू नये असं वाटतं पण गप्पही बसवत नाही. कसं सांगू? (शियाबाग)

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला, कारण तुम्ही दोन्ही बाजूंनी विचार केलाय. त्याला "तुझी भाषा वाईट आहे" असं म्हणू नका, त्यातून त्याला काही करता येत नाही. एक वाक्य घ्या आणि ते करून दाखवा. तुम्ही पाठवलेल्या पानावरचं हे बघा : "ती एका अधिकारी वडिलांना जन्मली होती आणि तिच्याद्वारे संगीताचा पाठपुरावा केला गेला." मी त्याच्या जागी असते तर लिहिलं असतं, "तिचे वडील अधिकारी होते. ती गाणं शिकली." बारा शब्दांचं वाक्य सात शब्दांत झालं ही गोष्ट नाही, वाचणाऱ्याला बाई दिसायला लागली ही आहे. त्याच्या चर्चापानावर ही दोन्ही वाक्यं एकाखाली एक ठेवा आणि म्हणा, पुढचं वाक्य तुम्ही करून बघा. शंभरातल्या दहा चुका काढू नका, दोनच काढा. आणि जे चांगलं केलंय ते नाव घेऊन सांगा, म्हणजे "छान" नव्हे, "तारखा तुम्ही सगळ्या तपासल्यात, ते आवडलं" असं.

मशीन वापरू नको असंही मी म्हणणार नाही. भाषांतराचं साधन विकिपीडियातच आहे आणि तारखा, नावं, साचे उचलायला ते उपयोगी पडतं. पण मशीनचं वाक्य हे कच्चं कणीक आहे, लाटून, भाजून मगच ताटात वाढायचं. रोज सहा पानांपेक्षा आठवड्याला एक पान, मोठ्याने वाचून बघितलेलं, असं त्याच्याकडून कबूल करून घ्या.

आपल्या गावात भाषेसाठी माणसं किती एकत्र बसलीयेत ते त्याला जरूर दाखवा. १९३१ साली श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू निघाला, एका इंग्रजी शासकीय शब्दाला गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे सात भाषांतले शब्द. वेगवेगळ्या भाषांच्या जाणकारांनी एकमेकांचे शब्द घासून बघितल्याशिवाय असं पुस्तक होतच नाही. त्यातलं एखादं पान त्याच्यासमोर उघडा.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाच्या पंधरा जणींना एका दुपारी एकत्र बसून लेख लिहायचेत. तयारी काय करू?

फारच छान! खाती आदल्या दिवशी घरूनच उघडायला सांगा, कारण एका इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच नवी खाती उघडतात, सातवीला नकार येतो आणि मग सगळ्या घाबरतात, मी हे डोळ्यांनी बघितलंय. पंधरा जणींनी पंधरा पानं नको. तीन-तीनचे पाच गट करा, एकीने पुस्तक धरायचं, एकीने टाइप करायचं, तिसरीने वाचून "हे कोण म्हणतं?" विचारायचं. दर अर्ध्या तासाने जागा बदला. तिसरीचं काम सगळ्यात अवघड आहे, मैत्रिणीला विचारायला जीभ रेटत नाही, तर सुरुवातीलाच सांगा की आज विचारणं म्हणजे मदत.

वर्तमानपत्रातला मजकूर उचलू नका, वाचायला फुकट आहे म्हणजे छापायला मोकळा आहे असं नसतं. वाचा, पुस्तक मिटा, मग आपल्या शब्दांत लिहा. विषय जवळचे घ्या. बडोद्यात १९१६ साली पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, भातखंड्यांनी भरवली, कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत, इथले बरेच लेख तीन ओळींचे आहेत. पाच लेख, प्रत्येकात दहा संदर्भासकट वाक्यं, एवढं झालं तरी दुपार भरली. आणि संध्याकाळी घरी गेल्यावर पहाऱ्याच्या सूचीत ती पाच पानं घालून ठेवायला सांगा, कुणी काही बदललं की कळेल, आणि बदलणाऱ्याला पहिला नमस्कार तुमच्याकडून जाऊ दे. मला तारीख कळवा, मी ग्रंथालयातून पुस्तकं काढून घेऊन येते.